क्रीडा-शंका : टोकन घेतलं म्हणजे क्लबात शिरलो का?

प्रश्न : मुलगा बार्सिलोनाचा चाहता आहे. ५,००० रुपयांची ‘फॅन टोकन’ घेतली की क्लबच्या निर्णयांत मत देता येतं, असं त्याचं म्हणणं. घेऊ द्यावं का? (एक पालक, मानेवाडा)

फॅन टोकन म्हणजे क्लबच्या नावाने विकलं जाणारं डिजिटल नाणं. त्यावर मत देता येतं, हे खरं. कशावर देता येतं ते आधी बघा. बार्सिलोनाची टोकनं जून २०२० मध्ये सोसिओस या ॲपवर प्रत्येकी २ युरोला विक्रीला आली आणि दोन तासांच्या आत संपली. पहिलं मतदान झालं ते ड्रेसिंग रूममध्ये कुठलं चित्र लावायचं यावर! पर्याय क्लबच ठरवतो आणि चाहते त्यातला एक निवडतात. खेळाडूंची खरेदी, प्रशिक्षक, तिकिटांचे दर यांत टोकनवाल्याला कुणी विचारत नाही. बार्सिलोनाचा अध्यक्ष निवडतात ते वर्गणी भरणारे नोंदणीकृत सभासद. टोकन घेऊन त्या यादीत नाव लागत नाही.

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सामायिक खातेवहीत, नोंद होते ती एवढीच, की अमुक वॉलेटमध्ये (डिजिटल पाकिटात) अमुक टोकनं आहेत. त्या टोकनांच्या बदल्यात काय द्यायचं हे क्लब आणि ॲपच्या अटींत लिहिलेलं असतं, आणि अटी बदलता येतात. त्यामुळे भाव बघण्याआधी अटींचं पान वाचायला लावा.

तरीही हौस असेल तर तीन गोष्टी सांभाळा. खरेदीचा आणि विक्रीचा भाव शेजारीशेजारी ठेवून बघा. त्यांत ३ टक्क्यांचं अंतर असेल तर ५,००० मधले १५० रुपये घेतल्या क्षणी गेले. एक्स्चेंज, म्हणजे टोकनं घेण्या-विकण्याचं ॲप, केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणीकृत आहे का ते तपासा. आणि टेलिग्रामवर भेटलेल्या माणसाशी परस्पर व्यवहार नको. टोकन विकल्यावर त्याने पाठवलेले पैसे कुणाच्या फसवणुकीतून आलेले निघाले, तर तुमचं बँक खातं गोठतं आणि सोडवायला महिने जातात. मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर त्याची केवायसी होणार नाही. तुमच्या पॅनवर खातं काढून त्याच्या हाती देऊ नका, कारण कर आणि चौकशी दोन्ही तुमच्याच नावावर येतील.

प्रश्न : दोन क्लबांची टोकनं प्रत्येकी १०,००० रुपयांना घेतली. एक १८,००० ला विकलं, दुसरं ४,००० ला. नफा २,००० च ना? (धरमपेठ)

खिशाच्या हिशेबाने हो. आयकराच्या हिशेबाने नफा ८,०००. आभासी डिजिटल मालमत्तेतला (कायद्यात टोकनं याच नावाखाली येतात) तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातूनही वजा होत नाही आणि पुढच्या वर्षात ओढता येत नाही. ८,००० वर ३० टक्के म्हणजे २,४००, त्यावर ४ टक्के उपकर ९६, एकूण २,४९६. म्हणजे २,००० कमावून ४९६ रुपये पदरचे गेले. बाकी उत्पन्न शून्य असलं तरी या उत्पन्नाला मूळ करमुक्त मर्यादेचा आधार मिळत नाही. एक्स्चेंजची फी वजा करता येत नाही, फक्त खरेदी किंमत वजा होते.

बहुतेक लोक चुकतात ते अदलाबदलीत. रुपयांतून चिलीझ (सोसिओसवर टोकनं घ्यायला लागणारं क्रिप्टो चलन), चिलीझमधून क्लबचं टोकन, मग परत चिलीझ, मग रुपये. यातली एका टोकनातून दुसऱ्या टोकनात जाण्याची प्रत्येक पायरी करासाठी ‘हस्तांतरण’ धरली जाते, रुपये हाती आले नसले तरी. प्रत्येक पायरीची तारीख आणि त्या वेळचा रुपयांतला भाव वहीत नाहीतर एक्सेलमध्ये टिपा. विक्रीवर कापलेला १ टक्का टीडीएस फॉर्म २६एएसमध्ये दिसतो का ते जुळवून घ्या. तो कराच्या रकमेतून वळता होतो.

प्रश्न : वॉलेटमध्ये आपोआप एक एनएफटी आलं. त्यावर विदर्भाच्या रणजी विजयाचं चित्र आणि ‘बक्षीस घ्या’ अशी लिंक आहे. (सदर)

लिंक उघडू नका. एनएफटी म्हणजे ब्लॉकचेनवर नोंदलेली एकमेव डिजिटल वस्तू, इथे एक चित्र. नुसतं येऊन पडलेलं एनएफटी काही बिघडवत नाही, धोका असतो तो पुढच्या सहीत, म्हणजे वॉलेटमध्ये मंजुरीचं बटण दाबण्यात. लिंकवरची साइट वॉलेट जोडायला लावते, मग एक परवानगी मागते. त्या परवानगीने तुमचा सगळा संग्रह हलवायचा हक्क समोरच्याला मिळतो. एनएफटी ‘लपवा’ करून ठेवा. ते विकायचा किंवा परत पाठवायचा खटाटोपही नको. सही झाली असेल तर आधी उरलेला माल नव्या वॉलेटमध्ये हलवा, मग जुन्यातली परवानगी रद्द करा. वॉलेटची चावी असलेला १२ किंवा २४ शब्दांचा गुप्त संच कुठे टाइप केला असेल तर परवानगी रद्द करून भागणार नाही, ते वॉलेट कायमचं सोडा. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

प्रश्न : आमच्या ३०० जणांच्या विदर्भ समर्थक गटाने स्वतःचं टोकन काढावं का? बॅनर, जामठ्याच्या (नागपूरजवळच्या) क्रिकेट मैदानाची बस, मतदान सगळं त्यावर चालवू. (सक्करदरा)

नको. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन रणजी करंडक आणणाऱ्या संघामागे माणसं जमवायला टोकन लागत नाही. टोकनात ज्याच्याकडे माल जास्त त्याचं मत जड. तुम्हाला हवं आहे ते माणशी एक मत. व्हॉट्सॲपच्या गटात १,०२४ जण मावतात आणि पोल आत आहेच. ‘एकाहून जास्त उत्तरं’ हा पर्याय मात्र बंद करायला विसरू नका, नाहीतर बसची वेळ कधीच ठरणार नाही. कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, म्हणून पदाधिकारी निवडायला चिठ्ठ्याच बऱ्या.

पैशांसाठी दोन सह्यांचं बँक खातं उघडा आणि दर सामन्यानंतर जमाखर्चाचा फोटो गटात टाका. वाद होतात ते ‘जमा किती झाले’ यावर कमी, ‘आलो नाही, पैसे परत द्या’ यावर जास्त. परतीची मुदत वर्गणी मागतानाच लिहून टाका, बस ठरण्याआधी दोन दिवस वगैरे. संघाचं चिन्ह बॅनरवर किंवा टी-शर्टवर छापून विकायचं असेल तर आधी विदर्भ क्रिकेट संघटनेची लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : ब्लॉकचेनचं तिकीट आलं तर जामठ्यातला काळाबाजार थांबेल? (वर्धा रोड)

कमी होईल, थांबणार नाही. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, २०१८ च्या टॅलिनमधल्या सुपर कपला असं मोबाइल तिकीट वापरलं होतं. तिकीट ॲपबाहेर हलवता येत नसलं की फोटोकॉपी एकाच वेळी चौघांना विकणं बंद होतं. पण ॲपमध्ये मूळ दराने हस्तांतर करून वरचे पैसे रोख घेतले, तर ब्लॉकचेनला पत्ता लागत नाही. शिवाय गेटवर हजारो फोन एकदम नेटवर्क मागतात, तेव्हा तिकीट घरूनच फोनवर उघडून ठेवा आणि बॅटरी भरलेली असू द्या.