काकांच्या हातातल्या मुंग्या

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या शाहूपुरीतले एक काका काकूंना घेऊन माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) मुलानं पुण्याहून स्मार्टवॉच पाठवलेलं. ते घातल्यापासून डाव्या हाताला मुंग्या येतात आणि रात्री डोळा लागत नाही, ही तक्रार. तालमीच्या कट्ट्यावर कुणीतरी सांगितलेलं, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरी एकच. "म्हंजे हात शिजतोयच की मॅडम, बारीक आचेवर!" काका रात्री घड्याळ स्टीलच्या डब्यात कोंडून ठेवायला लागले होते.

मी हसले नाही. गोष्ट अर्धी खरी होती, म्हणून तर ती डोक्यातून जात नव्हती. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात हे बरोबर. पण ओव्हन ७०० ते १००० वॅट बंद पेटीत वापरतो आणि घड्याळाचं ब्लूटूथ फार तर काही मिलिवॅट. लाखभर पटींचा फरक! क्ष-किरणांसारखी पेशीतले बंध तोडायची ताकद या लहरींत नाही. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि एवढ्याशा ताकदीत तीही जाणवत नाही. उलट रेंज कमी असली की ४जी फोन २०० मिलिवॅटपर्यंत जातो. तो काका खुशाल उशाखाली घेऊन झोपत होते.

"पण डब्ल्यूएचओनं कॅन्सरच्या यादीत घातलंय न्हवं?" घातलंय. २०११ मध्ये, '२बी' गटात. म्हणजे पुरावा तोकडा, पण शंका पुरती मिटलेली नाही. त्यातही मुख्य विचार कानाला लावायच्या मोबाइलचा होता. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे म्हटल्यावर काकूंनी पहिल्यांदा तोंड उघडलं, "आमच्या गॅलरीत दोन कुंड्या हाईत की!"

आणि मग त्यांनीच माझं काम केलं. "अवो, सोमवारपास्नं घड्याळ बंद हाय. चार्जरच घावंना झालाय." काकांना बुधवारीही मुंग्या आल्या होत्या.

खोली गप्प. असल्या वेळी काकांचं 'ढोंग' पकडलं असं घरच्यांना वाटतं, आणि तिथंच घोटाळा होतो. लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता केलेल्या प्रयोगांत, आपल्याला लहरी बाधतात असं सांगणाऱ्यांना दोन्ही वेळा त्रास झाला. चालू कधी आणि बंद कधी, हे त्यांना ओळखता आलं नाही. पण त्रास खराच होता. म्हणून मी काकांना आधी डॉक्टरांकडे धाडलं. रक्त तपासलं, बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. मुंग्या त्यानंही येतात.

झोपेचं कारण वेगळंच होतं. डब्यात कोंडलेलं घड्याळ चालू होतं तोवर काका ते रात्री उठून उठून काढत होते, हृदयाचे ठोके मोजायला. किती वेळा? "असंल… धा-बारा." ठोके मोजायचे सकाळी एकदाच, एवढंच ठरवलं. छातीत पेसमेकर असता तर मात्र फोन त्यापासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायला मी सांगितलंच असतं.

दोन महिन्यांनी काकू रंकाळ्यावर भेटल्या. काका पुढं, मनगटावर घड्याळ, पावलं मोजत. डब्याचं विचारलं, तर त्यात शेंगदाण्याची चटणी भरली होती म्हणे.