ग्रोथ फॅक्टरमुळे पेशींचा चिकटपणा बदलतो तो कसा?

तुमचा प्रश्न असा आहे : ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढीचा संदेश देणारी प्रथिनं) पेशीला विभाजन करायला लावतात, मग पेशीच्या पृष्ठभागाशी आणि चिकटण्याशी त्यांचा काय संबंध?

मी पेशी-संवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करतो. माझ्या मते विभाजन हा नंतरचा भाग आहे, त्याला तासन्‌तास लागतात. पृष्ठभाग मात्र मिनिटांत बदलतो. ए४३१ या मानवी कर्कपेशींवर ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) टाकलं की पाचेक मिनिटांत पेशींच्या कडांना झालरी फुटतात. १९७९ साली स्टॅनली कोहेन यांच्या प्रयोगशाळेने हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. (ईजीएफ शोधणारे कोहेन हेच. नवजात उंदरांचे डोळे वेळेआधी उघडताहेत हे पाहून ते त्याच्या मागे लागले होते.) ईजीएफ पेशीवरच्या रिसेप्टरला (संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला) जुळलं की आतून रॅक नावाचं प्रथिन जागं होतं आणि पेशीपटलाखालचं अ‍ॅक्टिन या तंतुमय प्रथिनाचं जाळं नव्याने विणलं जातं. झालरी त्यातूनच येतात.

चिकटपणाचं सर्वांत बोलकं उदाहरण एमडीसीके पेशींचं. या कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून बेटं करून राहतात. १९८५मध्ये मायकेल स्टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं, की भ्रूणातल्या फायब्रोब्लास्टनी (जोड-ऊतीतल्या पेशींनी) सोडलेल्या एका घटकामुळे ही बेटं फुटतात आणि पेशी सुट्या होऊन भटकू लागतात. नाव पडलं स्कॅटर फॅक्टर. पुढे कळलं, की यकृताच्या पेशी वाढवणारा एचजीएफ (हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर) तो हाच.

आता बहुतेक विद्यार्थी गृहीत धरतात, की पेशींना जोडणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन नाहीसं झालं म्हणून बेट फुटलं. पण सुरुवातीच्या तासांत ते बऱ्यापैकी जागेवर असतं. घडतं ते वेगळंच : पेशी इंटेग्रिन या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या आधारे तळाला जोरात धरतात, आतला अ‍ॅक्टिन-मायोसिन (ओढ निर्माण करणारी प्रथिनजोडी) आकसतो आणि त्या ओढीने शेजारणीशी असलेला सांधा तुटतो. रस्सीखेचच म्हणा, ज्याचे पाय रोवलेले तोच दोर ओढू शकतो. म्हणून कडक तळावर पेशी चटकन विखुरतात, मऊ जेलवर रेंगाळतात. म्हणजे ‘चिकटपणा वाढला की घटला’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. तळाची पकड आणि शेजारणीची पकड वेगवेगळी मोजावी लागते.

टीजीएफ-बीटा या आणखी एका ग्रोथ फॅक्टरचा मामला निराळा. तिथे स्नेलसारखी प्रथिनं ई-कॅडहेरिनचा जनुकच दाबतात, पण त्याला दिवस लागतात.

स्वतः प्रयोग करणार असाल तर आधी संवर्धनद्रवातलं सीरम (रक्तातला द्रव भाग) काढा. त्यात फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन ही पेशींना तळाला चिकटवणारी प्रथिनं आणि इतर ग्रोथ फॅक्टर असतातच, मग परिणाम कशाचा हे सांगता येत नाही. आणि पृष्ठभागावरचं ई-कॅडहेरिन मोजायचं असेल तर पेशी ट्रिप्सिन-ईडीटीएने (प्रथिनं कापणारं एन्झाइम आणि कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) सोडवू नका. कॅल्शियम नसेल तर ट्रिप्सिन ते कापून टाकतं आणि दोष मात्र ग्रोथ फॅक्टरच्या माथी येतो.