कोथरूडचा फ्लॅट: विकून यावं की भाड्याने द्यावं?

तुम्ही विचारलंय की मार्चमध्ये पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) टोरांटोला निघायचंय, तर कोथरूडचा टू-बीएचके विकावा की भाड्याने द्यावा, आणि त्या भाड्यात इथला खर्च निघेल का. मला मिसिसागाला येऊन सात वर्षं झाली. माझाही फ्लॅट तिकडेच आहे, कर्वेनगरला, कर्ज फिटलेला. तेव्हा माझा गेल्या वर्षीचा हिशेबच मांडते.

फ्लॅट आज ९५ लाखांना जाईल, भाडं २६,०००. कागदावर सव्वातीन टक्के. पण एक भाडेकरू गेला नि दुसरा येईपर्यंत महिना रिकामा गेला, म्हणजे भाडं झालं २,८६,०००. त्यातून मेंटेनन्स ४२,०००, घरपट्टी २१,०००, एजंटला एक महिन्याचं भाडं २६,०००, रंग आणि प्लंबर ३०,०००. वर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते, २,४००. (हे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत. सोसायटी जास्त मागत असेल तर भांडा.) पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला घरपट्टीत ४० टक्के सवलत असते, भाडेकरू आला की ती जाते, हेही धरून ठेवा. उरले १,६४,६००. पावणेदोन टक्केसुद्धा नाहीत! डॉलरात म्हणाल तर इथलं एका महिन्याचं घरभाडं आणि थोडा किराणा.

आता टॅक्स. तुम्ही एनआरआय झालात की भाडेकरूने दर महिन्याला ३१.२ टक्के टीडीएस (आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो, भाडं कितीही कमी असो. २६,००० मधले ८,११२ तिथेच गेले. माझ्या पहिल्या भाडेकरूने रक्कम इमाने कापली, पण टीडीएसचं रिटर्न भरलंच नाही. माझ्या नावावर काही दिसेना आणि रिफंड दीड वर्ष अडकला. त्याचीही चूक म्हणवत नाही, नोकरदार माणसाला टॅन (टीडीएस कापणाऱ्याला लागणारा) नंबर आणि तिमाही फॉर्म कुठून ठाऊक असणार? आता माझा चार्टर्ड अकाउंटंटच त्याच्या वतीने भरतो, फी मी देते. घरपट्टी आणि भाड्यावर सरसकट मिळणारी ३० टक्के वजावट गेल्यावर माझं करपात्र भाडं १,८५,५०० होतं, म्हणजे भारतात कर शून्य आणि कापलेलं सगळं परत. ऐकायला छान. पण कॅनडा तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर कर घेतो, आणि ती ३० टक्क्यांची वजावट इथे चालत नाही, खरा झालेला खर्चच दाखवायचा. भारतात कर भरलाच नसेल तर त्याचं क्रेडिट कशाचं मिळणार? शिवाय परदेशातल्या अशा मालमत्तेची किंमत एक लाख डॉलरांवर असेल तर टी११३५ हा फॉर्म दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी सूट आहे.

विकायचं मनात असेल तर मार्चची तारीख तुमच्या बाजूने आहे. या आर्थिक वर्षात तुम्ही अजून रहिवासी आहात, त्यामुळे ३१ मार्चच्या आत व्यवहार झाला तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापेल. शिवाय घर २३ जुलै २०२४ च्या आधीचं असेल तर नफ्यावर इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) २० टक्के कर की त्याशिवाय साडेबारा, हा पर्याय तुम्हाला आहे. एनआरआय झाल्यावर तो जातो, आणि आधी आयकर खात्याकडून कमी टीडीएसचं सर्टिफिकेट काढलं नसेल तर टीडीएस नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर कापला जातो.

मला विचाराल तर आईवडील तिथे राहणार नसतील तर विका. मी नाही विकला, कारण तेव्हा दोन वर्षांत परत जाणार होते. अजूनही जाणारच आहे म्हणा.

ठेवायचाच ठरवलंत, तर निघण्याआधी भावाच्या किंवा बहिणीच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी रजिस्टर करा, आणि गेल्यावर तिथलं बचत खातं एनआरओ (एनआरआयचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या. लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर केल्याशिवाय किल्ली देऊ नका. महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे, आणि नोंद नसेल तर वादात भाडेकरू अटी सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात. आणि इथे उतराल त्या दिवसाचा फ्लॅटचा बाजारभाव मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून लिहून घ्या. कॅनडात पुढे नफा मोजतात तो त्या दिवसाच्या किमतीपासून, तुमच्या मूळ खरेदीपासून नाही. मी हे चार वर्षांनी केलं, मागच्या तारखेचा भाव काढायला व्हॅल्युअरने दुप्पट फी घेतली.