गोणीतल्या डिस्क आणि धाकट्याचा हट्ट

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही चिपळूणला राहतो. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. थोरल्याचं पीएस फोर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं मशीन, गेलं आणि त्याच्या तीसेक गेमच्या डिस्क चिखलात बुडाल्या. टाकवेनात, म्हणून गोणीत भरून माळ्यावर ठेवल्या आहेत. त्याने ऑनलाइन घेतलेले दोन गेम मात्र पुढे मित्राच्या मशीनवर खातं उघडलं तेव्हा जसेच्या तसे मिळाले. आता धाकट्याला पीएस फाइव्ह हवंय, तेही बिनडिस्कचं. म्हणतो, “पुरात भिजायला काही उरायलाच नको.” थोरला पुण्याहून फोनवर सांगतो, डिस्कवालंच घे. दोघांचं ऐकून कान किटले. पैसे मी देणार आहे. कोणाचं ऐकू?
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, तुमच्या धाकट्याने मला अडचणीत आणलं. डोंबिवलीत चौदा वर्षं मी गेमच्या सीडी विकल्या, भाड्याने दिल्या, तेव्हा माझं माप डिस्ककडे झुकणार हे धरूनच वाचा. पण ज्या घरात छातीएवढं पाणी शिरलं, त्या घरातल्या मुलाचं म्हणणं उडवून लावायचा मला अधिकार नाही. डाउनलोडचा गेम कंपनीकडे तुमच्या खात्यावर नोंदलेला असतो. मशीन वाहून गेलं तरी नोंद राहते.

फक्त त्याला एवढंच विचारा, की त्या नोंदीचा मालक कोण? आपण ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं बटण दाबतो, पण मिळते ती खेळायची परवानगी. या बटणावरून कॅलिफोर्नियात कायदाच झाला. 1 जानेवारी 2025 पासून तिथे विक्रेत्याला गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं, की तुम्हाला परवाना मिळतोय, मालकी नव्हे. आणि दुकानं मिटतातही. निन्टेन्डो कंपनीने थ्रीडीएस आणि वी यू या मशीनचं ऑनलाइन दुकान मार्च 2023 मध्ये बंद केलं, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 या मशीनचं जुलै 2024 मध्ये गेलं. आधी घेतलेलं पुन्हा उतरवून घेता येतं, हे खरं. पण जे तेव्हा घ्यायचं राहिलं आणि डिस्कवर कधी आलंच नाही, त्यातलं बरंचसं आता सरळ मार्गाने मिळत नाही.

तुमच्या थोरल्यालाही मोकळं सोडत नाही. डिस्क हातात आहे म्हणजे गेम हातात आहे, असंही आता राहिलेलं नाही. ‘द क्रू’ नावाचा मोटारींच्या शर्यतीचा एक गेम 2014 च्या डिसेंबरात आला. तो एकट्याने खेळायचा म्हटलं तरी इंटरनेट लागायचं. 31 मार्च 2024 ला तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने त्याचे सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून तो चालवणारे संगणक, बंद केले. त्याची डिस्क माझ्या कपाटात आहे. चरा नाही, डाग नाही, आणि चालत नाही. निन्टेन्डोच्या नव्या स्विच 2 मशीनवर तर काही खेळांच्या कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते. कार्ड घालायचं आणि गेम इंटरनेटवरून उतरवायचा. तेव्हा डिस्कवाल्यांनीही फार ताठ मानेने बोलू नये.

मग डिस्कचं उरतं काय? उरतं ते माझ्या काउंटरवरचं. परीक्षा संपली की चार पोरं पैसे गोळा करून एक डिस्क न्यायची, आठ-आठ दिवस वाटून घ्यायची आणि महिन्याभराने मलाच परत विकायची. एकाच डिस्कच्या डबीवर मी पाच वेळा नवी किंमत चिकटवली आहे, खालची चिकटपट्टी न काढता. शेवटच्या गिऱ्हाइकाने ती सोलून पाहिली आणि पहिल्या भावावरून माझ्याशी भांडला. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही, आणि मित्राला नुसता हातात देता येत नाही. नवा मोठा गेम आज पाच हजारांच्या घरात जातो. धाकटा वर्षाला चार घेणार असेल आणि दोन जरी अर्ध्या किमतीला विकले, तरी पाच हजार परत आले. पीएस फाइव्हच्या डिस्कवाल्या आणि बिनडिस्कच्या मॉडेलमध्ये भारतात सुरुवातीपासून दहा हजारांचा फरक होता. दोन वर्षांत तो फिटला.

इंटरनेटचंही बघा. शंभर जीबीचा गेम वीस एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला अकरा तास लागतात, तेही मध्ये वीज गेली नाही तर. डिस्कवालाही अपडेट उतरवतोच, पण बराचसा भाग डिस्कवरून चढतो. एक गैरसमज मात्र काढून टाका. डिस्क घातली तरी गेम मशीनच्या आतल्या साठ्यातच बसतो. मशीनमधली जागा डिस्कमुळे वाचत नाही.

आता तुमच्या पत्रातलं, दोघा भावांच्याही ध्यानात न आलेलं. पीएस फोरचे जवळजवळ सगळे गेम पीएस फाइव्हवर चालतात, आणि डिस्कवरचे असतील तर त्यासाठी डिस्क घालायची सोय लागते. तुमची गोणी फुकट गेलेली नसेलही. पाण्याने डिस्क सहसा मरत नाही, तिला मारतो चिखल, आणि तोही कोरड्या फडक्याने पुसला तर, कारण वाळूचे कण चरे पाडतात. पीएस फोरच्या डिस्क ब्ल्यू-रे जातीच्या, आणि ब्ल्यू-रेचा माहितीचा थर खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिलिमीटर आत असतो. वर कडक लेप असतो, पण वाळूची परीक्षा घेऊ नका.

एखादी कमी आवडती डिस्क आधी घ्या. स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, चिखल आपोआप सुटू द्या. भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटाच्या टोकाने हलकेच. पुन्हा साधं पाणी. मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ टिपायचं, गोल गोल फिरवायचं नाही. मग सावलीत वाळवा. कडेला पापुद्रा सुटलेला किंवा आत डाग पसरलेला दिसला, तर ती मशीनमध्ये घालू नका.

तेव्हा डिस्कवालं घ्या. धाकटा अगदीच ऐकेना, तर नव्या बिनडिस्कच्या मॉडेलला डिस्क घालायचा ड्राइव्ह नंतर वेगळा विकत घेऊन जोडता येतो. पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. आणि खातं तुमच्या ईमेलवर उघडा, पासवर्ड वहीत लिहा, वही वरच्या मजल्यावर ठेवा. तीसपैकी किती चालल्या, ते मला कळवा. थोरल्याला फोन मात्र डिस्क धुऊन झाल्यावरच करा, नाहीतर तो फोनवरून सूचना देत बसेल.