टॉर्शन बारचे बोल्ट आवळून पिकअपचे पुढचे तोंड किती उचलावे?

देवगडजवळ आपल्या कलमांच्या बागेकडे जाणाऱ्या कातळावरच्या वाटेत जुन्या पिकअपचे पुढचे तोंड खाली घासते, आणि टॉर्शन बारचे बोल्ट आवळून ते तीन इंच उचलून देतो असे मिस्त्री म्हणतात, तर तसे करावे का, असे आपण विचारले आहे. एक इंच, फार तर सव्वा इंच उचलावे. तीन इंच मुळीच उचलू नये.

टॉर्शन बार म्हणजे पीळ घेणारी पोलादी सळई. तिचे एक टोक चाकाच्या आर्मला, म्हणजे चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्याला, जोडलेले असते आणि दुसरे चासीच्या आडव्या पट्टीपाशी एका लहान अँकर आर्ममध्ये बसलेले असते. समायोजनाचा बोल्ट या अँकर आर्मला रेटतो. तो आवळला की सळईचे मागचे टोक काही अंशांनी फिरते, चाकाचा आर्म खालच्या बाजूला ढकलला जातो आणि चासी वर येते. यात सळई अधिक ताकदवान होत नाही. तिचा ताठरपणा जाडी, लांबी आणि पोलाद यांवर ठरतो, आणि त्यात जाडीचा वाटा एवढा मोठा आहे की व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर ताठरपणा जवळजवळ दीडपट होतो. म्हणून पुढे जड बुलबार (तोंडासमोरचे लोखंडी संरक्षक कठडे) किंवा विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारा रहाट) बसवल्यामुळे गाडी दबली असेल, तर बोल्ट आवळत राहण्यापेक्षा जाड बार बसवणे हाच खरा उपाय आहे.

तरीही उचलल्यावर गाडी कडक वाटते, याचे कारण असे की चाकाच्या वरखाली हालचालीची एकूण मर्यादा तेवढीच राहते, आणि वर जितकी जागा मिळाली तितकी खाली लोंबण्याची जागा कमी होते. माझ्या गाडीचे पुढचे तोंड रत्नागिरीतल्या एका गॅरेजने असेच तीन इंच उचलून दिले होते. चाक खड्ड्यात उतरले की वरचा आर्म रबरी थांब्यावर आदळून पायाखाली ‘खट्’ असा आवाज येई. त्या वर्षीचा पावसाळा संपण्याआधीच पुढच्या ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा रबरी बूट, म्हणजे आवरण, घड्यांवर चिरला, आतले ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडाले आणि त्या फटीतून लाल चिखल जॉइंटमध्ये शिरला. टायरची बाहेरची कडही झिजून गेली, कारण आर्म खाली गेले की चाकाचा वरचा भाग बाहेर कलतो. आपली गाडी फोर बाय फोर असेल तर बूटाची ही भीती आपल्यालाही आहे. फोर बाय टू असेल तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) आणि टायर यांचे नुकसान तेवढेच होते.

बोल्टला हात लावण्याआधी एक तपासणी जरूर करावी. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे पुढची मूळ उंची मिळते का ते पाहावे. वर्षानुवर्षे हापूसच्या पेट्या आणि चिरे वाहिलेल्या गाडीची सळई थोडी ढिली पडलेली असते, त्यामुळे आपल्याला हवी असलेली वाढ ही प्रत्यक्षात मूळ उंचीच परत मिळवणे असू शकते, आणि ती मिळवण्यात काहीच धोका नाही. मोजमाप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावे; जमिनीपासून घेतल्यास टायरमधली हवा फसवते.

काम करताना गाडी सपाट जागी ठेवून चासी जॅकवर उचलावी, मजबूत घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) टेकवावी आणि चाके लोंबू द्यावीत, म्हणजे बोल्टवरचा भार हलका होतो. भार पूर्ण जात नाही, म्हणून बोल्ट सुटून येण्याच्या रेषेत तोंड किंवा हात कधीही नेऊ नये. खाऱ्या वाऱ्याने हे बोल्ट आपल्याकडे विशेष गंजतात; माझ्या बोल्टचे आटे पूर्ण तांबडे झाले होते. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने घासून, गंज सोडवणारे तेल सोडून ठेवल्यावरच ते सकाळी हलले. हातोड्याचा घाव सळईवर पडू देऊ नये, कारण पोलादाला तडा अशाच ओरखड्यापासून जातो. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फेरा देत जावे, गाडी खाली उतरवून थोडी पुढेमागे चालवावी आणि मग मोजावे. डावी-उजवी सळई एकमेकींच्या जागी लावू नये, कारण त्या वेगवेगळ्या दिशांना पिळून तयार केलेल्या असतात.

उंची ठरल्यावर चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी करावे, आणि हेडलाइटचा झोत खाली आणावा, नाहीतर घाटात समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर येतो. मोठा बदल करायचा झाला तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लक्षात ठेवावे: नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा फेरफार त्यात निषिद्ध आहे.

सव्वा इंचानेही वाट पुरेशी मोकळी होत नसेल, तर काय घासते ते आधी वाकून पाहावे. आर्मचे चाकाकडचे टोक आणि हब (चाकाचा मधला भाग) घासत असतील तर बोल्ट आवळून ते तसूभरही वर येणार नाहीत. तिथे आपल्या गाडीला चालणारा सर्वांत उंच टायर घ्यावा किंवा वाटेतला घासणारा दगड काढावा.