फाडलेलं पान चिकटवा

*मुलगा बारावी कॉमर्स, 61 टक्के. सीए कर म्हटलं तर ऐकत नाही. मुरबाडकडे आमची वडिलोपार्जित 6 एकर जमीन आहे, तिथे रेसिंग ट्रॅक काढायचं खूळ डोक्यात आहे. रागाच्या भरात त्याच्या वहीतलं पान फाडलं, फोटो जोडलाय. त्याला समजवा. – एक वडील, भांडुप*

फोटो मोठा करून पाहिला. फाडण्याआधी तुम्ही ते पान वाचलंत का? अ‍ॅम्ब्युलन्सचं दिवसाचं भाडं. कडेला रचायला जुने टायर किती, कुठून आणायचे. पावसाळ्याचे चार महिने ट्रॅक बंद, त्यापुढे प्रश्नचिन्ह. खाली वडापावच्या स्टॉलचं भाडं, दोनदा खोडून कमी केलेलं. फ्रीवेवर रात्री बाईक पिटाळणारं पोर असले हिशोब मांडत बसत नाही. ह्याला गाडी नाही, ट्रॅक चालवायचाय. वर पत्र थोडक्यात दिलंय; पूर्ण पत्रात ‘लोकांना काय सांगू’ तीनदा आलंय, मुलाचं नाव एकदाही नाही.

आता त्याची चूक. 6 एकरांत मोठ्या गाड्यांचा ट्रॅक होत नाही. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे 2.1 किलोमीटरचा आहे. रुंदी 10 मीटर धरा, नुसत्या डांबरालाच 5 एकरांवर जागा गेली. घसरलेली गाडी थांबायची कुठे, टायर बदलायला, दुरुस्तीला गाड्या थांबतात ते पिट कुठे, पार्किंग कुठे? शिवाय तिकिटांवर ट्रॅक जगत नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन 2011 ते 2013 अशी तीनच वर्षं झाली. शर्यत नसेल त्या दिवशी ट्रॅक भाड्याने कोण घेणार, गाडी कंपन्या, टायरवाले की रायडिंग स्कूल, खरा धंदा तिथे आहे. 6 एकरांत गो-कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांचा ट्रॅक, मात्र बसेल, तेही जमीन एनए (बिगरशेती) झाल्यावर.

पदवी बीकॉम घ्या नाहीतर बीएमएस, मला फरक पडत नाही. शनिवार-रविवारी त्याला एखाद्या कार्टिंग ट्रॅकवर कामाला पाठवा. कार्टमध्ये नव्हे, काउंटरवर. एकदा चेन्नईला, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या ट्रॅकवर, शर्यतीत मार्शल म्हणून, म्हणजे कडेला झेंड्याने चालकांना इशारे देणारा म्हणून, उभा राहू दे. झेंडा धरून दिवसभर उन्हात काढला की खूळ आहे की काय ते त्याचं त्यालाच कळेल.

तोवर जमीन विकू नका, गहाणही टाकू नका. आणि ते पान सेलोटेपने चिकटवून त्याच्या हातात द्या. अ‍ॅम्ब्युलन्सचं भाडं त्याने फारच कमी धरलंय, तेवढं सांगा.