मायनरसाठी १० लाखांचं कर्ज काढावं का?

कराडजवळच्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आलंय. मुलगी यंदा कला शाखेतून बारावी झाली. पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेले मोडी कागद तिने हौसेने लावायला घेतले आणि आता इतिहासच घ्यायचा हे पक्कं केलंय. तिच्यापुढे दोन प्रवेश आहेत. एक खासगी निवासी विद्यापीठ: मुख्य विषय इतिहास, सोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय डिजिटल मानव्यविद्येचा (संगणकाच्या मदतीने इतिहास-साहित्याचा अभ्यास), वर्षाला ४ लाख २० हजार. दुसरं पुण्यातलं स्वायत्त महाविद्यालय: तिथेही इतिहास, पण मायनर संगणकशास्त्राचं. राहणं-जेवण धरून वर्षाला १ लाख ४० हजार. ताई लिहितात, "बाकी दोन्हीकडे सारखंच वाटतं, तिला ते मायनर हवंय म्हणून १० लाखांचं शैक्षणिक कर्ज काढावं का?"

ताई, आधी एक सांगतो. मुलीची निवड मला मनापासून आवडली. डिजिटल मानव्यविद्या हा विषय काही कालपरवा निघालेला नाही. १९४९ साली रोबेर्तो बुसा या इटालियन धर्मगुरूंनी थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन धर्मचिंतकाच्या ग्रंथांची शब्दसूची करायला आयबीएमची मदत घेतली, तिथपासून त्याची सुरुवात सांगतात. आपल्याकडे जादवपूर विद्यापीठाने रवींद्रनाथांची हस्तलिखितं आणि छापील पाठ एकमेकांशी ताडून पाहायची सोय 'बिचित्रा' या संकेतस्थळावर केली, ती २०१३ मध्ये. मोडी लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळाली ती २०१४ साली. म्हणजे तुमच्या मुलीच्या ट्रंकेतल्या कागदांचं काम आत्ता कुठे सुरू होतंय, आणि ते करणारी माणसं हवी आहेत.

आता पैशांकडे येऊ. चार वर्षांत खासगी विद्यापीठाचे १६ लाख ८० हजार होतात, पुण्याचे ५ लाख ६० हजार. फरक ११ लाख २० हजारांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या आराखड्यात चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक (क्रेडिट) आहेत, त्यातले मायनरचे ३२. सगळा फरक मायनरच्या खात्यावर टाकला तर एका श्रेयांकाला ३५ हजार रुपये पडतात. हा हिशेब विद्यापीठावर थोडा अन्याय करणारा आहे, कारण त्या पैशात ग्रंथालय आणि तिथली सोबतही येते. पण बाकी सारखंच वाटतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून तो मांडला.

तुमची जुळवाजुळव अशी: कर्ज १० लाख, मोडलेली एफडी ४ लाख, आणि २०१५ साली उघडलेल्या सुकन्या समृद्धी खात्यातल्या ५ लाख ४० हजारांपैकी निम्मे. बेरीज १६ लाख ७० हजार. जवळजवळ तंतोतंत जमतंय, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. यजमानांच्या दुकानाचं उत्पन्न महिन्याला सारखं नसतं. एफडी गेली की घरात आजारपणाला एक रुपयाही बाजूला उरत नाही.

कर्जाचा भार कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे. दरवर्षी अडीच लाख उचललेत, व्याज साडेदहा टक्के, आणि शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नाही, असं धरू. सरळव्याज लावलं तरी तेवढ्या काळात ३ लाख ६७ हजार व्याज साचतं. मग दहा वर्षं महिन्याला साधारण १८ हजार ४५० रुपयांचा हप्ता. तो सुरू होईल तेव्हा आज नववीत असलेला धाकटा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असेल. व्याजावर करवजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत आणि आठच वर्षं. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेतली ३ टक्क्यांची व्याजसवलत ८ लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नाला आहे, तुमचं दोघांचं मिळून १० लाखांच्या वर जातं. शिवाय संस्था त्या योजनेच्या यादीत नसेल तर साडेसात लाखांच्या पुढे बँक तारण मागेल. म्हणजे राहतं घर.

माझं मत स्पष्ट आहे: पुण्याला पाठवा, कर्ज काढू नका.

हे फक्त स्वस्त पडतं म्हणून म्हणत नाही. या विषयाची हत्यारं बहुतेक फुकट आहेत. नकाशांसाठी क्यूजीआयएस, मजकुराच्या विश्लेषणासाठी व्हॉयंट, प्रोग्रॅम लिहायला पायथन ही संगणकभाषा, यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत. महाग आणि दुर्मीळ असतो तो कच्चा माल आणि तो वाचता येणारी नजर. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि भांडारकर संस्था १९१७ पासून तिथेच आहे, मोडीचे वर्गही शहरात चालतात. मोडी वाचणारी आणि शिवाय पायथन लिहिणारी मुलगी किती ठिकाणी सापडेल? संगणकशास्त्राचं मायनर तिच्या आड येत नाही, उलट पाया पक्का करतं. नोकरी देणारा गुणपत्रिकेवरचं मायनरचं नाव क्वचितच बघतो. संग्रहालय असो, प्रकाशनसंस्था असो की मराठीसाठी भाषातंत्रज्ञान करणारी कंपनी, "काय करून दाखवलंय?" हेच विचारतात. पणजोबांच्या शंभर कागदांचं लिप्यंतर आणि त्यातल्या गावांचा नकाशा, एवढं तिने मांडलं तरी ते दाखवता येईल.

पुण्याचा खर्च महिन्याला १२ हजारांच्या आत आहे आणि तुमची बचत २२ हजारांची. म्हणजे तो पगारातूनच भागेल. एफडीतून साठेक हजारांचा चांगला लॅपटॉप घ्या, बाकी हलवू नका. सुकन्या खात्याला आज ८.२ टक्के करमुक्त मिळतात, ते वाढू द्या. पुढे तिला याच विषयात पदव्युत्तर शिकायचं असेल, जोधपूरच्या आयआयटीत तशी सोय आहे, तेव्हा त्यातली निम्मी रक्कम फीसाठी काढता येईल. नुसत्या मायनरवर नाही, पण पूर्ण त्याच विषयाच्या पदवीवर तेव्हा थोडं कर्ज झालं तरी मला ते पटेल.

एका परिस्थितीत मी माझं मत बदलेन. खासगी विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली, कर्ज ४ लाखांच्या आत राहिलं आणि एफडीला हात लागला नाही, तर तिला तिकडे जाऊ द्या. प्रवेशाची रक्कम भरायच्या आधी शिष्यवृत्तीचा अर्ज करा आणि ती चारही वर्षांसाठी आहे की पहिल्याच, हे लेखी मागा. त्यांचं उत्तर आलं की मला कळवा, आकडे पुन्हा मांडू.